अनुभव धागा: तुमच्या ट्रॅकमधली उदासी कुठून आली?

गोवा आणि इलेक्ट्रॉनिक संगीत म्हटलं की लोकांना हणजूणचा ट्रान्सच आठवतो, मिनिटाला १४० च्या पुढे ठोके. पण आषाढात दारं लावून, ठोका पार काढून टाकून संथ अँबियंट करणारेही आपण इथे कमी नाही. प्लगिनांची (आवाजाच्या सॉफ्टवेअरांची) यादी नको. काय केल्यावर ट्रॅक काळजाला लागला, ते सविस्तर लिहा.

सांगे
माझ्या आजीचं माहेर कुर्डी, मोगूबाई कुर्डीकरांचं गाव. साळावली धरणात ते बुडालं. मे महिन्यात पाणी उतरतं, घरांची जोती उघडी पडतात आणि पांगलेले गावकरी सोमेश्वराला जमतात. गेल्या उन्हाळ्यात आजीबरोबर रेकॉर्डर घेऊन गेलो. भजनही टेप केलं, पण ट्रॅकमध्ये घेतलं नाही. ते आलं की ऐकणारा प्रसंग शोधू लागतो. घेतली ती आजीने जुन्या शेजारणीला मारलेली हाक. त्यातला शेवटचा 'ए' कापला, जेमतेम अर्धा सेकंद. ग्रॅन्युलर सिंथमध्ये त्याचे बारीक कण करून मिनिटभर ताणला. नाव गेलं, आवाजातली थरथर राहिली. मग लो-पास फिल्टर, म्हणजे ठरावीक मर्यादेवरचे उंच आवाज अडवणारी चाळणी, ६ किलोहर्ट्झपासून ४०० हर्ट्झपर्यंत इतका हळू उतरवला की वरचा उजेड कधी गेला ते कळत नाही. पॅड (मागे पसरणारे लांब सूर), बास काही लागलं नाही. आजीला ऐकवलं तर म्हणाली, "हें कोण रडटा?"

फोंडा
माझा भरवसा मारवा रागावर. पंचम वर्ज्य, ऋषभ कोमल आणि षड्ज टाळत राहायचं. विसावा मिळतच नाही. ड्रोनमध्ये, म्हणजे तानपुऱ्यासारख्या मागे सतत वाजणाऱ्या सुरात, पंचमाऐवजी निषाद ठेवते. त्या निषादासाठी दोन ऑसिलेटर (सिंथमधले सूर काढणारे भाग), एक २२० हर्ट्झला, दुसरा २२०.५ ला. दर दोन सेकंदांनी एक हेलकावा आपोआप मिळतो.

दिवाडी
फेरीबोटीच्या इंजिनाची घरघर हाच माझा ड्रोन. मायक्रोफोनला केसाळ आवरण हवंच, नाहीतर मांडवीवरचा वारा सगळं खाऊन टाकतो.

डिचोली
रिव्हर्ब (आवाजामागची घुमणूक) लांबवला की ट्रॅक उदास होतो, हे मला पटत नाही. २० सेकंदांचं शेपूट लावलं तर सगळेच ट्रॅक एका गुहेतले वाटतात. खोली कुणाची, हे ऐकू यायला हवं. आमचं जुनं घर विकण्याआधी, सामान हलवून झाल्यावर, मधल्या खोलीत फुगा फोडला आणि तो आवाज रेकॉर्ड केला. रेकॉर्ड केलेल्या खोलीची घुमणूक दुसऱ्या आवाजाला लावणाऱ्या कन्व्होल्यूशन रिव्हर्बला तो दिला की बाबांची पेटी पुन्हा त्याच भिंतींत वाजते. शेपूट दीड सेकंदही नाही, तरी बहिणीने पहिल्याच सुराला खोली ओळखली.

मडगाव
मास्टरिंगचं, म्हणजे ट्रॅकवरच्या शेवटच्या हाताचं, कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. आवाजाची शिखरं दाबणाऱ्या लिमिटरने सगळं वर ढकलू नका, हळू भाग हळूच राहू द्या. पत्र्यावरचा पाऊस वापरत असाल तर तो खालच्या-वरच्या सगळ्या फ्रिक्वेन्सींत पसरतो. २ ते ५ किलोहर्ट्झमध्ये थोडा कापा, म्हणजे सूर वर येतील. आणि फोंड्याच्या ताई, निषादाच्या ड्रोनवर शेवटी तरी षड्ज लावता का? मी लावला की सगळा ताण एकदम सुटतो, आणि मला तो सुटायला नको असतो.