टँकरचा करार की थंडीतला पाऊस? (सोसायटी ग्रुप, छत्रपती संभाजीनगर, मंगळवार 5 डिसेंबर 2023)

वैशाली, बी-304: सेक्रेटरी साहेब, टँकरच्या कराराचं काय झालं? रविवारी ठरलं होतं ना? आज मंगळवार.

सेक्रेटरी: मॅडम, ए विंगच्या काही सभासदांचं म्हणणं आहे की थोडं थांबू.

राजूभाऊ, ए-201: काही सभासद म्हणजे मीच. नाव घ्या की. हवामान खात्याने डिसेंबरात देशभर सरासरीपेक्षा जास्त पाऊस सांगितलाय. परवा 26-27 नोव्हेंबरला गारा पडल्या. तिकडे चेन्नई बुडाली. मग आत्ताच जुलैपर्यंतचा करार कशाला? पैसे झाडाला लागतात का?

नंदू, सी-102: आधी पाइप लावून गाड्या धुणं बंद करा. बाकी नंतर बोलू.

पाटील सर, सी-401: राजूभाऊ, अंदाज बरोबर आहे, तुम्ही वाचलाय चुकीचा. देशभर मिळून डिसेंबरची सरासरीच साधारण 16 मिलिमीटर. त्यातला मोठा वाटा दक्षिणेचा, कारण तिथे ईशान्य मोसमी पाऊस अजून चालू असतो. चेन्नईला चक्रीवादळाने झोडपलं, ते आज आंध्रच्या किनाऱ्यावर चढतंय. तिथे पडलेल्या पावसाने देशाची सरासरी वर जाईल, आपल्या हौदात थेंब येणार नाही.

राजूभाऊ, ए-201: सर, पण सरासरीपेक्षा जास्त म्हणजे जास्तच ना?

पाटील सर, सी-401: कशापेक्षा जास्त ते बघा. मराठवाड्यात थंडीतला पाऊस म्हणजे काही मिलिमीटर. शून्याच्या जवळच्या आकड्याची दीडपट केली तरी ती शून्याच्याच जवळ. हिशोबच करा. आपली गच्ची 6000 चौरस फूट, म्हणजे 557 चौरस मीटर. एका चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पडला की 1 लिटर. समजा 20 मिलिमीटर दणकून पडला आणि 80 टक्के पाणी पन्हाळीतून खाली आलं, तर 8900 लिटर. एक टँकरसुद्धा भरत नाही.

स्नेहा, बी-203: सुप्रभात. विचार बदला, आयुष्य बदलेल.

वैशाली, बी-304: स्नेहाताई, दुपारचे दोन वाजलेत.

इम्रानभाई, बी-101: सरांचं बरोबर आहे. बोअरलाही या पावसाचा उपयोग नाही. वरची काळी माती कोरडी ठाक, 20-25 मिलिमीटर तीच पिऊन टाकते. खाली बेसाल्ट. पाणी भेगांतून उतरायला पावसाची झड लागते, चार-पाच दिवसांची.

अनघा, ए-402: शेतकऱ्यांना तरी बरा ना थंडीतला पाऊस?

पाटील सर, सी-401: रब्बी ज्वारीला एखादी हलकी सर चालते. पण ढगाळ हवा चार दिवस राहिली की हरभऱ्यावर घाटेअळी, द्राक्षावर रोग, आंब्याच्या मोहरावर भुरी. गारा पडल्या तर विचारूच नका. दुष्काळावरचा उतारा तो नव्हे.

राजूभाऊ, ए-201: बरं, पण जायकवाडीत वरून पाणी सोडलंय ना?

पाटील सर, सी-401: सोडलंय. 15 ऑक्टोबरला धरणात उपयुक्त साठा 65 टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून सोडायचं, असं सूत्र आहे. यंदा 47 च्या आसपास होता. आदेश 8.6 टीएमसीचा, म्हणजे 8.6 अब्ज घनफूट पाण्याचा. जायकवाडीची उपयुक्त क्षमता 76.65 टीएमसी, म्हणजे सगळं पोचलं तरी 11 टक्के. आणि सगळं पोचत नाही, कोरडं नदीपात्र वाटेत पितं. त्यात खात्याने यंदा थंडीतलं किमान तापमानही बहुतेक ठिकाणी सरासरीपेक्षा जास्त सांगितलंय. पसरट धरण, बाष्पीभवन सोसावंच लागणार. राजूभाऊ, अंदाजातली ही ओळ कोणी फॉरवर्ड केली नाही बघा.

नंदू, सी-102: पाइप लावून गाड्या धुणं बंद करा.

राजूभाऊ, ए-201: नंदूशेठ, नाव घेऊन बोला. माझी गाडी आठवड्यातून एकदा धुतली जाते.

नंदू, सी-102: प्रेशर वॉशरने. पार्किंगमधून ओघळ सी विंगपर्यंत येतो.

राजूभाऊ, ए-201: आणि सी विंगच्या टाकीचा बॉलकॉक रात्रभर गळतो तो? गच्चीवर शेवाळ धरलंय, जाऊन बघा.

सेक्रेटरी: कृपया विषयावर या. दोन्ही मुद्दे नोंदवले आहेत.

वैशाली, बी-304: नोंदवले म्हणजे जूनमध्ये बघू.

अनघा, ए-402: सर, ते अल निनो, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापून आपला पाऊस बिघडवतं ते, कधी संपणार? मुलाने अमेरिकेतून नोआचं, म्हणजे तिथल्या हवामान संस्थेचं, पत्रक पाठवलंय, त्यात 62 टक्के लिहिलंय.

पाटील सर, सी-401: एप्रिल ते जून या काळातही अल निनो टिकून असण्याची शक्यता 62 टक्के, असं ते नोव्हेंबरचं पत्रक आहे. म्हणजे 38 टक्के तसं नसेल. अल निनो आहे म्हणजे पाऊस बुडालाच असंही नाही. पण डिसेंबरात बसून पुढच्या जूनचं सांगणं अवघड, कारण मार्च-एप्रिलमध्ये प्रशांत महासागर कूस बदलतो आणि मॉडेलं तिथेच अडखळतात. आपल्या खात्याचा मोसमी पावसाचा पहिला अंदाज एप्रिलमध्ये येतो, सुधारित मे अखेरीस. त्याआधी कोणी आकडा पाठवला तर डिलीट करा.

राजूभाऊ, ए-201: मग एप्रिलपर्यंत थांबू की.

इम्रानभाई, बी-101: एप्रिलमध्ये टँकरवाला फोन उचलतो का भाऊ? उचलला तर भाव त्याचा. आत्ता दर बांधून घ्या.

पाटील सर, सी-401: आणि मुदत 31 जुलै ठेवा. जूनमध्ये इथे चार सरी आल्या म्हणून धरण भरत नाही. जायकवाडी भरतं ते मुख्यतः नाशिककडच्या पावसावर, आणि त्याचा लोंढा बहुधा जुलैअखेर-ऑगस्टात येतो. यंदाचा ऑगस्ट 1901 पासूनचा देशातला सर्वात कोरडा ऑगस्ट गेला, तिथेच सगळं अडलं. आता हिशोब.

48 फ्लॅट, 192 माणसं. माणशी 135 लिटरने रोज 25,920 लिटर. नळाचं आठवड्याला 35,000, म्हणजे रोज 5000. बोअर रोज 6000. तूट 14,920, महिन्याला 10,000 लिटरचे 45 टँकर. माणशी 90 लिटरवर आलो तर तूट 6280, म्हणजे 19 टँकर. मार्चमध्ये बोअर आटला तर 90 लिटरलाही 37. करारात महिन्याला किमान 19, आणि त्याच दराने 40 पर्यंत मागवायची मुभा, असं लिहून घ्या.

वैशाली, बी-304: हे असं कोणी आधी मांडलंच नव्हतं. धन्यवाद सर.

सेक्रेटरी: मॅडम, ऑक्टोबरच्या मीटिंगला मी मांडलं होतं. आपण आला नव्हतात.

वैशाली, बी-304: बरं.

इम्रानभाई, बी-101: बोअरचं सांगतो. मोटर 5 एचपी थ्री फेज, चालू असताना 7.5 ते 8 अँपिअर घेते. पाणी तुटलं की अँपिअर पडतात. ड्राय रन प्रिव्हेंटर, म्हणजे पाणी तुटल्यावर मोटर बंद करणारा स्विच, 6 वर सेट करा. आत्ता तो बायपास केलाय, वॉचमन सारखं रीसेट करायला वैतागतो म्हणून. असंच राहिलं तर वाइंडिंग जळणार, मोटर काढा, भरा, परत सोडा, सगळा खर्च. टायमर लावा, 1 तास चालू, 3 तास बंद. भेगांतून पाणी परत गोळा व्हायला वेळ द्या. सलग उपसलं की गाळ ओढते आणि इम्पेलर खातो.

स्नेहा, बी-203: 90 लिटर कसं शक्य आहे? घरात लहान बाळ आहे.

पाटील सर, सी-401: बाळाच्या घरी तोटी कोणी बंद करत नाही. प्रत्येक विंगच्या इनलेटचा व्हॉल्व्ह अर्धा आवळा, नळांना एरेटर, म्हणजे धारेत हवा मिसळणारी जाळी, लावा, जुन्या 10 लिटरच्या फ्लशमध्ये 1 लिटरची भरलेली बाटली ठेवा. वीट नको, झिजून व्हॉल्व्हमध्ये अडकते. आरओचं वाया जाणारं पाणी फरशीला.

कदम, सी-203: शनिवारी हुरडा पार्टीला कोण कोण येतंय? गाडीत दोन जागा आहेत.

नंदू, सी-102: धुतलेली गाडी असेल तर येतो.

राजूभाऊ, ए-201: ठीक आहे, करार करा. पण टँकर पूर्ण भरलेला येतो का हे कोण बघणार? मागे आठ हजारच ओततात अशी शंका होती.

इम्रानभाई, बी-101: सोपं आहे. हौद 5 बाय 2.5 मीटर, म्हणजे 12.5 चौरस मीटर. 10,000 लिटर ओतले की पाणी 80 सेंटीमीटर चढलंच पाहिजे. शिडीशेजारी पट्टी रंगवा, ओतण्याआधी आणि नंतरचा फोटो ग्रुपवर. तेवढा वेळ हौदाची मोटर बंद, नाहीतर टँकरवाला म्हणेल तुम्हीच उपसलं. 64 सेंटीमीटरच चढलं तर 8000 लिटरचेच पैसे. पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस मीटरही ठेवा, दर फेरीला विहीर बदलतात हे लोक.

सेक्रेटरी: तर करार 31 जुलैपर्यंत, किमान 19, कमाल 40, पट्टीने मोजून पैसे. ज्यांना मान्य त्यांनी 'हो' लिहा. अंगठे मोजले जाणार नाहीत.

वैशाली, बी-304: हो.

अनघा, ए-402: हो.

राजूभाऊ, ए-201: हो. पट्टी मी रंगवतो. बॉलकॉक मात्र सी विंगने आजच बदलायचा.

नंदू, सी-102: हो. बॉलकॉक पाऊण इंची आहे का एक इंची, कोणाला माहीत आहे का?