काल ज्यांच्या हाताखाली शिकलो, त्यांचाच आता सुपरवायझर झालोय. माणसं सांभाळायला कुठे शिकायचं?

बी_शिफ्ट_चाकण

नमस्कार मंडळी. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी नऊ वर्षं आहे. आयटीआय टर्नर करून अप्रेंटिस लागलो, मग सीएनसी ऑपरेटर, मग सेटर, म्हणजे मशीन कामासाठी लावून देणारा. गेल्या महिन्यात साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, "उद्यापासून बी शिफ्ट तू बघायची" म्हणाले आणि वेगळ्या रंगाचा शर्ट हातात दिला. तयारी म्हणाल तर एवढीच. 11 मशिनं, 14 माणसं. सहा पर्मनंट, बाकी ठेकेदाराची पोरं.

मशीन अडलं तर मला कळतं काय करायचं. माणूस अडला की सुचत नाही.

आमच्यात एक काका आहेत. मायक्रोमीटरचं रॅचेट किती फिरवायचं हे त्यांनी माझा हात धरून शिकवलं. मागच्या गुरुवारी त्यांनी इन्सर्ट (धातू कापणारं टोक) बदलला, फर्स्ट पीस न तपासता मशीन चालू केलं आणि 42 पीस गेले. बोअर, म्हणजे आतलं भोक, 30 मायक्रॉननी मोठं. लहान असतं तर रिवर्क झालं असतं, मोठं झालं म्हणजे थेट भंगार. मी सगळ्या लाइनीसमोर त्यांच्यावर चढलो. ते एक शब्द बोलले नाहीत. बाराला मशीन पुसून गेले, ते शुक्रवार-शनिवार आलेच नाहीत. न कळवता रजा घेतल्याचं मी नऊ वर्षांत पाहिलं नव्हतं.

शिवाय ओटीचा, म्हणजे ओव्हरटाइमचा प्रश्न. दुप्पट पैसे मिळतात, त्यामुळे सगळ्यांना हवा असतो. मित्रांना दिला तर बाकीचे कुजबुजतात, नाही दिला तर मित्र म्हणतात शर्ट बदलला तसा माणूसही बदलला.

आणि कुठे काही अडलं की मीच जाऊन करतो. कुणाला समजावत बसण्यापेक्षा लवकर होतं. पण मग रात्री बाराला पुढच्या शिफ्टला चार्ज देताना रिपोर्ट अर्धाच असतो. कसं करता तुम्ही लोक?

निवृत्त_फोरमन

माझा मुलगा तुझ्याच वयाचा आहे, म्हणून अरेतुरे करतो.

आधी काकांच्या घरी जा. सोमवारची वाट बघू नकोस. 42 पिसांबद्दल माफी मागायची गरज नाही, ते बोलायलाच हवं होतं. माफी माग ती चारचौघांत बोललास त्याची. आणि मग तू गुरुवारी जे विचारलं नाहीस ते विचार: काय झालं होतं? एवढंच विचार आणि गप्प बस. तीस वर्षांचा हात असलेला माणूस फर्स्ट पीस सोडतो, त्याला काहीतरी कारण असतंच.

मी 1980 च्या दशकात चार्जहँड, म्हणजे काही कामगारांवरचा प्रमुख झालो तेव्हा आमच्या जुन्या वर्क्स मॅनेजरांनी मला एक गोष्ट शिकवली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत कारखान्यांत एकदम नवखी माणसं आली, आणि त्यांच्यावर नेमलेले सुपरवायझरही नवेच. तेव्हा तिथे 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाचा उपक्रम चालला, 1940 ते 1945. दहा-दहा तासांचे तीन वर्ग: काम कसं शिकवायचं, कामाची पद्धत कशी सुधारायची, माणसांशी कसं वागायचं. युद्धानंतर हे जपानला गेलं, टोयोटाने उचललं. माणसांच्या वर्गात चार पायऱ्या होत्या. आधी सगळी हकिकत गोळा कर, ती तोलून निर्णय घे, मग कृती कर, आणि नंतर जाऊन परिणाम बघ. तू गुरुवारी एकदम तिसऱ्या पायरीवर उडी मारलीस. त्याच वर्गात आणखी एक सांगायचे: माणसावर ज्याचा परिणाम होणार आहे असा बदल त्याला आधी कळव.

आता तुझं स्वतः हात घालणं. ही खोड मोडायला मला दोन वर्षं लागली, म्हणून कळकळीने सांगतो. शिकवताना एकदा करून दाखव, कुठे काय जपायचं आणि का, तेही बोल. मग त्याला करू दे आणि करता करता त्याच्याच तोंडून वदवून घे. चुकला तर तिथल्या तिथे थांबव, पण पाना त्याच्या हातातून घेऊ नकोस. पाना घेतलास की तो बाजूला उभा राहतो आणि पुढच्या वेळीही तुझीच वाट बघतो.

वॉर्डातली_ताई

मी नर्स, वॉर्डाची इन्चार्ज आहे. मशीन कळत नाही, पण ओटीचं वाचून राहवलं नाही. आमच्याकडे नाइट ड्युटी आणि सणाच्या सुट्ट्यांवरून हेच व्हायचं. मी एक वही घातली. गेल्या दिवाळीला कोण ड्युटीवर होतं, गणपतीत कुणी नाइट केल्या, सगळं त्यात, आणि वही टेबलावर उघडी. कुणीही बघावी. पहिल्या महिन्यात माझ्या जवळच्या मैत्रिणीलाच दिवाळीची नाइट आली. ती रुसली, पण वही तिनेही बघितली होती.

सात_नंबर

मी ठेकेदाराकडून आहे, दुसऱ्या कंपनीत. आमचे सुपरवायझर दोन वर्षं मला मशीनच्या नंबराने हाक मारायचे. नवीन आले त्यांनी पहिल्या दिवशी नाव विचारलं, गाव विचारलं, तिसऱ्या दिवशी न चुकता नावाने बोलावलं. त्यांच्या शिफ्टला मी कधी दांडी मारली नाही. दादा, तुमच्या ठेकेदाराच्या आठ पोरांची नावं तुम्हाला येतात का?

बी_शिफ्ट_चाकण

रविवारी काकांकडे गेलो होतो. माफी मागितली. काकूंनी चहा ठेवला, मग काका बोलले.

इन्सर्ट दुसऱ्या कंपनीचा आला होता, त्याचं टोक थोडं बाहेर बसतं. ए शिफ्टने ते रजिस्टरमध्ये लिहिलं होतं. मी ते वाचलंच नव्हतं, कारण चार्ज घेताना मी चार नंबर मशीनच्या चकमध्ये (काम पकडणाऱ्या भागात) हात घालून बसलो होतो. आणि बोअर मोजायचं गेज आमच्याकडे एकच. ते मी आमच्या सात नंबर मशीनवर नेलं आणि तिथेच ठेवलं. काका वीस मिनिटं थांबले, मग नेहमीच्या अंदाजावर चालू केलं. "मी थांबायला हवं होतं," ते स्वतःच म्हणाले. मी गेजबद्दल काय बोलणार होतो?

फोरमनकाका, तुमचं पटलं. आता साडेतीनला कुठल्याही मशीनकडे जायच्या आधी रजिस्टर वाचतो, आणि ज्या मशीनवर बदल असेल तिथल्या माणसाला तोंडी सांगतो. दुसऱ्या बोअर गेजची मागणी दिली आहे. काल आमच्या सात नंबर मशीनच्या पोराला ऑफसेट (मापाची दुरुस्ती) टाकायला उभं केलं आणि हात मागे बांधून बघत राहिलो. त्याला 25 मिनिटं लागली, मला आठ लागली असती. पण फर्स्ट पीस मापात आला आणि तो पीस त्याने मला न विचारता स्वतः गेजवर धरला.

सात नंबर, आठपैकी पाच नावं येत होती. आता आठही येतात.

ताई, वही घातली. या रविवारी तिघांनाच ओटी होता, पाच जण तयार होते. वहीप्रमाणे माझ्या सर्वांत जवळच्या मित्राचा नंबर लागला नाही. बसमध्ये तो आता पुढच्या सीटवर बसतो. तुमच्या मैत्रिणीचा रुसवा जायला किती दिवस लागले?