मदत हवी आहे: शाळेत शेती शिकवायला मानधन कुठून आणायचं?

नमस्कार मंडळी. आमची जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा, मागे दहाएक गुंठे पडीक जागा, बोअरला पाणी बरं. पोरांना शेती नीट शिकवू, असं शाळा व्यवस्थापन समितीत ठरलं. परसबाग आहे, पण ती मेथी-कोथिंबिरीच्या पुढे सरकत नाही. बीजप्रक्रिया, माती परीक्षण, ठिबक हे कोण शिकवणार? गुरुजी आधीच ऑनलाइन माहिती भरून बेजार.

अमेरिकेतल्या १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याबद्दल वाचलं. शेती शिकवणाऱ्या शिक्षकाच्या पगाराला केंद्राचा पैसा, तेवढाच राज्याकडून किंवा स्थानिक पातळीवरून, आणि विद्यार्थ्याने वर्षातले किमान सहा महिने देखरेखीखाली प्रत्यक्ष शेतीकाम करायचं. पगाराची सोय कायद्यातच! आपल्याकडे नेमकं तिथेच घोडं अडतं.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २२ प्रमाणे शाळा विकास आराखडा समितीच करते, त्यात विषय घालू. पण कृषी पदवीधराचं मानधन कोणत्या शीर्षाखाली मागायचं? समग्र शिक्षा या केंद्राच्या शालेय शिक्षण योजनेतले व्यवसाय अभ्यासक्रम नववीपासून, म्हणजे आम्ही बाहेर. ग्रामपंचायतीच्या निधीतून कुणी केलंय का? पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात मुलं हाताने काम करत शिकतात, त्या धर्तीवर प्राथमिक शाळेत काही चालवलंय का? ठरावाचा नमुना असेल तर कृपया इथेच टाका, पुढच्या बैठकीत मांडायचा आहे.