बन्सी गव्हावर तांबेरा (बुरशीचा रोग), शेजारचा लोकवन गहू मात्र कोरा – मदत हवी आहे

बन्सी गहू चिकात (दाण्यात दूध भरतंय) आहे. पानांच्या वरच्या बाजूला नारिंगी-तपकिरी गोल पुळ्या, बोट फिरवलं की भुकटी लागते. खोडावर काही नाही, म्हणजे पानावरचाच तांबेरा. पण बांधालगतचा, त्याच आठवड्यात पेरलेला लोकवन स्वच्छ! (आणि लोकवन काही तांबेऱ्याला दाद न देणारा नव्हे.) ज्वारी-मक्याचा तांबेरा गव्हावर येत नाही, बुरशीच वेगळी; ते सांगू नका. ही बन्सीवरच चालणारी रेस (तांबेऱ्याच्या बुरशीचा उपप्रकार) असेल का?

फवारणीआधी पानं सावलीत सुकवून कागदी पाकिटात भरतोय. पॉलिथिनमध्ये घाम धरून बुरा चढतो. नमुना महाबळेश्वरच्या गहू गेरवा (म्हणजे तांबेरा) केंद्रात द्यावा की थेट सिमल्याच्या फ्लॉवरडेल गहू संशोधन केंद्राला? प्रोपिकोनॅझोल 25 ईसी हे बुरशीनाशक, 10 लिटर पाण्याला 10 मिली, आता फवारणं परवडेल का?