ई-रीडरवर एसएसएच (दुसऱ्या कॉम्प्युटरवरून सुरक्षितपणे आत शिरण्याची सोय) कायम चालू ठेवावं का?

टर्मिनलकर:
किंडल, कोबो, पॉकेटबुक, रिमार्केबल, सगळी आतून लिनक्सच. रिमार्केबल १ आणि २ तर रूटचा (सगळे अधिकार असलेल्या खात्याचा) पासवर्ड सेटिंगमधल्या कॉपीराइट-लायसन्सच्या पानावर लिहूनच देतात. केबल जोडली की १०.११.९९.१ या पत्त्यावर थेट आत जाता येतं. कोबोवर केओरीडर (वाचनाचं मोफत ॲप) टाकला की एसएसएच सर्व्हर आयता मिळतो, पोर्ट (जोडणीच्या दरवाजाचा क्रमांक) २२२२. माझं मत ठाम आहे: पैसे मोजून घेतलेल्या यंत्राचं रूट मालकाच्याच हातात हवं, आणि एसएसएच कायम चालू ठेवायलाही हरकत नाही. अट एकच, पासवर्ड बंद आणि प्रवेश फक्त कीने (पासवर्डऐवजी चालणाऱ्या किल्लीच्या फाइलने). मनासारखा देवनागरी फॉन्ट, स्लीपच्या पडद्यावर आपलं चित्र, हस्तलिखित नोंदींचा क्लाउडशिवाय बॅकअप, हे सगळं त्यातूनच होतं. ईडी२५५१९ या प्रकारची कीजोडी बनवा, खाजगी कीला पासफ्रेज द्या, सार्वजनिक की रीडरवर टाका. झालं.

काळी_शाई:
रूट मालकाकडे हवं, एवढं मान्य. ‘कायम चालू’ अजिबात मान्य नाही. रीडर स्लीपमध्ये गेला की वायफायही बंद होतं. म्हणजे तुमचं एसएसएच उघडं असतं ते नेमकं तुम्ही वाचत असताना, कदाचित प्रवासात, सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या वायफायवर. बॅकअप घ्यायला तेव्हा तुमचा कॉम्प्युटर जवळ नसतोच! मग उघडं ठेवलं कोणासाठी? शिवाय यातल्या बऱ्याच यंत्रांवर वेगळा साधा युझर नसतो. जो आत आला तो थेट रूट. साठवलेले वायफायचे पासवर्ड, खात्याची लॉगिन, नोंदी, सगळं त्याच्यापुढे. लागेल तेव्हा सुरू करा, काम संपलं की बंद करा.

पानोपानी:
इतकी भीती कशाला? घरचं नेटवर्क राउटरमागे आहे, बाहेरून कोणी येत नाही. केओरीडरमध्ये पासवर्डशिवाय लॉगिनचा पर्याय आहे, तो मी चालू ठेवते. जुन्या कोबोवर टेलनेटही (एसएसएचच्या आधीची तशीच सोय) पुरतं. पुस्तकं वाचायचं यंत्र आहे हे, बँक नव्हे.

काळी_शाई:
@पानोपानी, त्या पर्यायाच्या नावातच केओरीडरवाल्यांनी ‘धोकादायक’ लिहून ठेवलंय, ते उगाच नाही. राउटरच्या आत पाहुण्यांचे फोन असतात, स्वस्तातले कॅमेरे असतात, कधीही अपडेट न होणारे टीव्ही असतात. त्यातलं एक बिघडलं तरी तुमचा रीडर उघडाच आहे. आणि टेलनेटवर सगळं उघड्या अक्षरांत जातं. तातू युलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच लिहिलं तेच मुळी विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेले म्हणून.

निळी_वही:
दोन्ही बाजूंकडून एक गोष्ट सुटतेय: अपडेट. रिमार्केबल २ वर नवी आवृत्ती येते तेव्हा सिस्टिमचं विभाजन (साठवणीतला तिचा भाग) अख्खं बदलतं, होम (आपल्या फाइलींचा भाग) तेवढं राहतं. होममधली की टिकते, त्यामुळे लॉगिन पूर्वीसारखंच चालतं आणि सगळं ठीक वाटतं. पण ड्रॉपबेअरला (रीडरवरच्या एसएसएच सर्व्हरला) पासवर्ड नाकारायला सांगणारा तुमचा बदल ईटीसीमध्ये (सिस्टिमच्या सेटिंगच्या फोल्डरमध्ये) होता, तो गेला. पासवर्डचा दरवाजा पुन्हा उघडला आणि तुम्हाला पत्ताही नाही. @टर्मिनलकर, ‘झालं’ म्हणून सोडून देण्यासारखं हे काम नाही. दर अपडेटनंतर, की न देता लॉगिनचा प्रयत्न करून बघा. नकार मिळाला तरच बंद आहे असं समजा.

टर्मिनलकर:
@निळी_वही, हा मुद्दा सोन्यासारखा आहे. मी बदलांची स्क्रिप्ट होममध्ये ठेवतो आणि अपडेटनंतर चालवतो. @काळी_शाई, दरवेळी हाताने चालू-बंद करायचं म्हटलं की माणूस बंद करायचं विसरतो; पक्की मांडणी त्यापेक्षा भरवशाची. वायफायची धास्ती असेल तर ड्रॉपबेअर फक्त यूएसबीच्या पत्त्यावर ऐकू द्या. सिस्टिमडीच्या (लिनक्सवर सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या) सॉकेट फाइलमध्ये, म्हणजे कुठल्या पत्त्यावर ऐकायचं ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, १०.११.९९.१:२२ लिहा आणि फ्रीबाइंड (पत्ता अजून नसला तरी ऐकू देणारा पर्याय) चालू करा, नाहीतर केबल नसताना तो पत्ताच सापडत नाही आणि सॉकेट उठत नाही. पासवर्ड बंद करण्याआधी मात्र जुनं सेशन उघडं ठेवून दुसऱ्या खिडकीतून कीने आत जाऊन बघा.

काळी_शाई:
यूएसबीपुरतं असेल तर माझा विरोध संपला. वायफायवर मात्र तो कायमच राहील.

पानोपानी:
बाहेरगावाहून घरच्या रीडरमध्ये शिरायचं असेल तर? राउटरवर पोर्ट उघडू का?

निळी_वही:
कृपा करून नको. वायरगार्ड (बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये येण्याचा सुरक्षित मार्ग, म्हणजे व्हीपीएन) घरच्या कॉम्प्युटरवर बसवा आणि तिथून रीडरमध्ये जा. रीडरवरच बसवायला जाऊ नका. वायरगार्ड लिनक्सच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) आलं २०२० मध्ये, ५.६ पासून, आणि बऱ्याच रीडरचं कर्नल त्याहून जुनं आहे. आणि तो पासवर्डशिवायचा पर्याय आजच बंद करा.