‘एर्गोनॉमिस्ट’ला मराठीत काय म्हणायचं?

कृष्णाकाठ: सांगलीतल्या एका कारखान्याचं कामगारांसाठीचं माहितीपत्रक मराठीत करतेय. ‘एर्गोनॉमिस्ट’ला ‘श्रमसुलभतातज्ज्ञ’ लिहिलं. तिथल्या एका फिटरना वाचायला दिलं, तर म्हणाले, “म्हंजे आरामाचं खातं का?” अर्थच हुकला. हा माणूस काम चालू असताना तास-दोन तास शेजारी उभा राहून बघतो. कोपराची उंची, हाताची पोच मोजतो, कुठं भरून येतं ते विचारतो. मग टेबल उचलायला सांगतो, हत्याराची मूठ बदलतो, पाळीत कामं फिरवतो. सुचवा.

पाटणकर: ‘अंगवळणतज्ज्ञ’. अस्सल मराठी.

कृष्णाकाठ: दादा, काम अंगवळणी पडतं तेव्हा अंग वळतं. इथं अंगासाठी काम वळवायचंय.

शब्दवेडा: ग्रीक ‘एर्गॉन’ म्हणजे काम, ‘नोमोस’ म्हणजे नियम. 1857 साली एका पोलिश शास्त्रज्ञानं जोडलेला शब्द. भौतिकशास्त्रातलं ऊर्जेचं एकक ‘अर्ग’ त्याच मुळाचं. ‘श्रमशास्त्र’ पुरे.

यार्डातला: वडील मार्केट यार्डात हमाल होते. हळदीचं पोतं पाठीवर घेताना आधी डावा गुडघा वाकवायचे, मग श्वास धरायचे. पन्नाशीत मान वळेना, हाक मारली की अख्खे वळायचे. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेचं वजन उचलण्याचं सूत्र सगळं अनुकूल असतानाही 23 किलोवरून सुरू होतं, तिथून खालीच जातं. ‘सुलभता’ नको. त्यांना सोय नको होती, मान हवी होती.

पाटणकर: मग ‘माथाडी’सारखा रोकडा शब्द हवा. माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटील आमच्या पाटण तालुक्यातले. 1969 च्या कायद्यात तो शब्द आहे, कुणी त्याचं संस्कृत केलं नाही. माथा अधिक गाडी, माथाडी.

शब्दवेडा: गाडी कुठून आली? तो प्रत्यय आहे, ‘खिलाडी’तला.

पाटणकर: खिलाडी हिंदी. आमच्याकडं खेळाडू.

कृष्णाकाठ: पत्रक सोमवारी छापायला जातंय हो. तोवर ‘एर्गोनॉमिस्ट’च ठेवून खाली एका ओळीत काम सांगू का?

यार्डातला: ठेवा. आणि चुंबळीचं चित्र टाका. आई जुन्या लुगड्याचा पट्टा पिळून गोल करायची, घागरीचा बूड बघून जाडी ठरवायची. फिटरना लगेच कळेल.

शब्दवेडा: चुंबळ की चुंभळ?

पाटणकर: चुंभळ. आजीच्या तोंडी कायम ‘भ’च.

यार्डातला: आमच्यात ‘ब’.