थॉरचे जुने अंक रत्नागिरीला न्यायचे आहेत : स्लॅब (कडक प्लास्टिकच्या डबीत सीलबंद) करावेत की पिशव्यांतच ठेवावेत?

नमस्कार मंडळी,

गेली अकरा वर्षे मी न्यू जर्सीत राहतो आणि येत्या मार्चमध्ये कायमचा रत्नागिरीला परततो आहे. इथे असताना मार्व्हलच्या थॉर या नायकाच्या कॉमिक्सचे जवळपास साठ जुने अंक जमवले. त्यांच्या जतनाबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे.

आधी संग्रहाविषयी थोडे सांगतो. थॉर पहिल्यांदा आला तो ऑगस्ट 1962 च्या 'जर्नी इन्टू मिस्टरी'च्या 83 व्या अंकात. माझ्याकडे तो अंक आहे, पण मूळ नव्हे. मुखपृष्ठावर 12 सेंट ही किंमत छापलेली नाही, म्हणजे 1966 साली ध्वनिमुद्रिकेसोबत विकले गेलेले ते पुनर्मुद्रण आहे. मूळ प्रत माझ्या आवाक्याबाहेरची असल्याने ही प्रतही मी जिवापाड जपली आहे.

माझा खरा जीव मात्र ऑक्टोबर 1963 च्या 97 व्या अंकात अडकला आहे, कारण जॅक कर्बी आणि स्टॅन ली यांची 'टेल्स ऑफ अ‍ॅसगार्ड' ही पाच पानी पुरवणी त्यात सुरू झाली. मुख्य कथेतला थॉर सोनेरी केसांचा, दाढी नसलेला आणि अमेरिकेत वावरणारा आहे, तर नॉर्स (प्राचीन स्कँडिनेव्हियन) पुराणांतला थॉर तांबड्या दाढीचा आणि बोकडांच्या रथातून फिरणारा. या पुरवणीत कर्बी थेट सृष्टीच्या आरंभापाशी, यमीर हा आदिराक्षस आणि हिमराक्षस यांच्यापाशी जातो. एड्डाची, म्हणजे या नॉर्स कथांच्या जुन्या ग्रंथांची, भाषांतरे मी ही पाने पाहिल्यानंतर वाचली, आणि म्हणूनच हे अंक नुसते जपून ठेवायचे नसून पुन्हा पुन्हा वाचायचे आहेत, असे मला मनापासून वाटते.

अडचण याच अंकाची आहे. त्याची खालची पिन गंजली आहे. मधले पान उघडले की पिनेभोवती मसुराएवढा तपकिरी डाग दिसतो आणि तिथला कागद बोट लावताच चुरा होईल इतका ठिसूळ झाला आहे. मूळ पिना बदलणे संग्राहक दुरुस्तीत धरतात आणि त्याने किंमत उतरते, याची मला कल्पना आहे. पण रत्नागिरीच्या चार महिन्यांच्या पावसात हा गंज पसरला, तर किमतीचा विचार करायला अंकच उरणार नाही. अशा वेळी पिन काढून अंक तसाच सुटा ठेवावा, की आहे त्या स्थितीत सीलबंद करावा?

दुसरा अंक 'थॉर' मासिकाचा, नोव्हेंबर 1983 चा, 337 क्रमांकाचा. वॉल्टर सायमनसन यांनी लेखन आणि चित्रे दोन्ही हाती घेतली ती याच अंकापासून. मुखपृष्ठावर बीटा रे बिल हा परग्रहावरचा योद्धा थॉरच्या हातोड्याने मासिकाचे नावच फोडतो आहे, आणि थॉरखेरीज दुसरा कोणी तो हातोडा उचलतो हे पाहून तेव्हाच्या वाचकांना केवढा धक्का बसला असेल! माझ्या प्रतीवर खालच्या चौकटीत बारकोडऐवजी स्पायडरमॅनचा चेहरा आहे, म्हणजे ती कॉमिक्सच्या दुकानातून विकलेली आहे, वृत्तपत्रांच्या स्टॉलवरची नाही. प्रत अगदी कोरी आहे. हा एक अंक इथून निघण्यापूर्वी ग्रेडिंगला (प्रतीच्या स्थितीला तज्ज्ञांकडून गुण देण्यासाठी) पाठवून स्लॅब करून घ्यावा, असा माझा कल आहे. परंतु स्लॅबचे प्लास्टिक कोकणातली दमट हवा आत शिरू देत नाही का, आणि आत ओल धरली तर बाहेरून काही करता येते का, हे कोणी अनुभवाने सांगू शकेल काय?

उरलेले अंक मायलारच्या (पारदर्शक पॉलिएस्टरच्या) पिशव्यांत, आम्लरहित पुठ्ठा लावून, उभे ठेवायचे ठरवले आहे. घर जुने, जांभ्याच्या भिंतींचे आहे आणि पावसाळ्यात भिंतीला टेकलेले कपाटही मागून हिरवे पडते. त्यामुळे पेटी भिंतीपासून दूर, माळ्याऐवजी मधल्या खोलीत ठेवेन. आमच्या घरच्या पोथ्या तांबड्या फडक्यात, वेखंड घालून ठेवलेल्या आहेत आणि त्यांना आजवर कसर लागलेली नाही. वर्तमानपत्री कागदावरच्या रंगीत छपाईला वेखंडाचा काही अपाय होतो का? डांबराच्या गोळ्या मी टाळणार आहे. सिलिका जेल ठेवले, तर ते पावसाळ्यात किती दिवसांनी बदलावे लागते?

कोकणात किंवा गोव्यात राहून जुनी कॉमिक्स सांभाळणाऱ्यांच्या उत्तरांची मी विशेष वाट पाहत आहे. सामान फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात बांधायचे आहे, तेव्हा 97 व्या अंकाच्या पिनेबद्दलचा सल्ला त्याआधी मिळाला तर फार उपकार होतील. डागाची छायाचित्रे काढून ठेवली आहेत. कोणी म्हटल्यास लगेच इथे देतो.